मळईचा फोटो

श्रावणातला शेवटचा सोमवार. हजर : अण्णा, कौशल्यावैनी आणि मी. शेजारच्या वावरातली शालन मध्येच आली आणि शेवटपर्यंत थांबली, म्हणून तिचंही नाव लावते. वैनींचा मोबाइल घरीच होता, बंद, भिंतीतल्या दिवळीत हळदीकुंकवाच्या करंड्यामागं.

मला यादी केल्याशिवाय कुठल्या कामाला निघता येत नाही. धाराशिवच्या एका शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढली, त्याचा हा परिणाम असेल. त्यामुळं पीक पाहणीचे दिवस आले, की अण्णांचा फोन येतो, "बाई, तुजी ती यादी घेऊन ये." अण्णा माझे थोरले भाऊ. माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला आमचं गाव. सातबाऱ्यावर पीक लागायचं तर आता आपल्या शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढावा लागतो. घरी बसून किंवा दुसऱ्याच्या बांधावरून चालत नाही, मोबाइलला ते कळतं. मी गट नंबर, खाते नंबर, वरची जादा बॅटरी असं सगळं पिशवीत घालून जाते आणि कोवळ्या उन्हात एकेक तुकडा उरकते. यंदाही उरकले. विहिरीजवळचा झाला, माळावरचा झाला, रस्त्याकडेचा झाला. नदीकाठचा राहिला.

नदीकाठच्या त्या तुकड्याला आम्ही मळई म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या तेरणेनं आणून टाकलेला गाळ होता तो. पाऊस पडून गेला की अनवाणी टाच सहज आत जायची आणि बाहेर काढताना पायाला गार ओढ लागायची. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम तिथूनच चालायचो. माझ्या आयुष्यात फोटोबद्दल जे काही कळलं ते त्या मळईत कळलं आणि ते शिकवलं वैनींनी, हे लिहिताना मला अजून गंमत वाटते. कारण मोबाइल धरायला त्यांना मी शिकवलं होतं.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर आहेत. सहल असो की स्नेहसंमेलन, गळ्यात कॅमेरा. त्यांना कुणी विचारलं की सांगतात, वडिलांनी एक जुना कॅमेरा आणला होता, त्याच्या वासावरच मी भाळलो. दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांना नात झाल्यावर फोटोचं वेड लागलं. मला ते कधी लागलंच नाही. माझ्या लेखी फोटो म्हणजे पासपोर्ट साइज, मागं नाव लिहून, डिंक कडेला लावून, टाचणी कपाळातून जाणार नाही अशी. घरचा म्हणावा असा लहानपणचा एकच फोटो आठवतो, तुळजापूरचा. देवीचं दर्शन झाल्यावर बसस्टँडच्या वाटेवर एका स्टुडिओत आम्हाला उभं केलं होतं. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस. "हलायचं नाही" म्हटल्याबरोबर आईनं श्वासच धरला आणि फोटोत ती रागावल्यासारखी आली. आई फारशी रागवायची नाही. पण आता तिला आठवायला गेलं, की तोच चेहरा पुढं येतो आणि मग खरा चेहरा शोधत बसावं लागतं. म्हणूनही असेल, फोटोवर माझा जीव कधी जडला नाही.

वैनींच्या हातात कॅमेरा आला तो सरकारच्या हुकमानं. अण्णांची बोटं जाड, काचेवर एक दाबायला जावं तर तीन अक्षरं उमटतात. त्यामुळं ज्या वर्षी मला शाळेतून एका दिवसापलीकडं सुटी मिळेना, त्या वर्षी मी ठरवलं, वैनींना शिकवून टाकायचं. म्हणजे पुढची काळजी मिटली. श्रावणच होता. मळईत सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, फुलोऱ्यात. आत शिरलं की पानांची लव हाताला लागायची आणि ओल्या मातीचा वास पोटऱ्यांपर्यंत चढायचा.

मी मोबाइल उघडून दिला, तर वैनी गेल्या पुढं आणि तण उपटायला लागल्या.

"वैनी, फोटो काढायचाय ना?"

"व्हय की. पर हे रेशीमकाटा मदी दिसायलाय. पाव्हनं यायच्या आदी अंगन झाडावं लागतंय का न्हाय?"

तण उपटून झालं. मग बांधावरच्या दगडाला कुंकू लावलं. मग डोक्यावर पदर घेतला.

"अहो, फोटो पिकाचा आहे, तुमचा नाही."

"असू द्या की, ताई. पीक साहेबांम्होरं जायलंय. मला पदर नगं व्हय?"

पहिल्या फोटोत निम्मं सोयाबीन आणि निम्मं वैनींचं बोट आलं.

"बोट काढा, वैनी."

"कुटलं?"

"काचेवरचं. मागच्या."

दुसऱ्यातही बोट. "ह्येला कुनी बोलावलंय म्हनते मी!" असं त्या खरोखरच त्या बोटाला बोलल्या. पुढचा फोटो मात्र स्वच्छ आला. माहिती साठवल्याचा निरोप काचेवर उमटला.

"काय म्हनतंय?"

"मिळालं म्हणतंय."

"बगितलं म्हनतंय का?"

मी हसले. आपण कुणाला काही दाखवलं तर समोरच्यानं हं तरी म्हणायला हवं, असा त्यांचा साधा हिशोब होता. तिथून पुढं दरवर्षी त्यांचा मला तोच प्रश्न, "तलाठी काय म्हनले?" मी सांगायची, "वैनी, अख्ख्या तालुक्याचे फोटो जातात. एकेक कोण बघणार?" त्यावर त्या म्हणायच्या, "एवढं मागून घेत्यात, मग बगनार न्हाईत व्हय?"

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाचं, फोटो गेल्यानंतरचं. सरकारला हवा तो फोटो गेला, माझ्या यादीवर खूण झाली, मी पिशवी उचलली आणि बांधाला लागले. मागं बघते तर वैनी जागच्या जागी उभ्या. मोबाइल दोन्ही हातांत, परडी धरावी तसा छातीशी.

"चला की, ऊन वाढलं."

"थांबा जरा. वारा येऊ द्या."

सोयाबीनचं पान वरून गर्द आणि खालून फिकट असतं. नदीकडून वारा आला की पानं उलटी होतात आणि एक फिकट पट्टा हिरव्यातून सरसरत जातो, बांधापर्यंत येतो आणि विझतो. तो पट्टा वैनींना धरायचा होता. वारा आला, त्यांनी दाबलं, पट्टा निघून गेलेला. पुन्हा थांबल्या. पुन्हा हुकला. मी घड्याळाकडं बघत होते. वैनी म्हणाल्या, "ताई, ह्ये असं जातंय ह्ये मला ठाव होतं. डोस्क्यावरनं वारं जायचं, पान पाठीला लागायचं. पर म्होरून कसं दिसतंय त्ये कदी बगितलंच न्हाय. खुरपताना बसावं लागतंय की."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते वावर बसून पाहिलं होतं. खुरपताना नजर बुडाशी, काढताना देठाशी. वावरात उभी राहिलेली बाई म्हणजे काम चुकवणारी बाई. वाटेनं जाणारा गडीसुद्धा विचारून जातो, "का वैनी, दमलाव का?" त्या दिवशी मात्र हातात मोबाइल होता आणि उभं राहून बघणं हेच काम होतं, तेही सरकारी. कुणाची काही बोलायची सोय नव्हती.

माणसाला फोटोचा नाद कसा लागतो, हे मला त्या बांधावर कळलं. कुणीतरी मागितलेला फोटो देऊन झाला, काम संपलं आणि तरी पाय निघत नाही, तिथं तो लागतो. सरांचंही तसंच झालं असेल, त्या आजीबाईंचंही. मी आपली त्या क्षणी पिशवी उचलते, म्हणून माझा राहून गेला.

त्या हंगामात शाळेत प्रवेशाचे कागद तपासताना माझा मोबाइल टुणटुण वाजत राहायचा. वैनींचे फोटो. सगळे मळईचे आणि सगळे एकाच जागेवरून, बांधावरच्या बाभळीखालून. फुलोरा, मग कोवळ्या शेंगा, मग पिवळं पडत चाललेलं पान. वाऱ्याचा पट्टा कधी अर्धा, कधी शेपटीएवढा. मधूनच नुसता आवाज पाठवायच्या, "ताई, आज वारा न्हाय. उद्या बगू." मी जेवणाच्या सुटीत डबा उघडून ते फोटो लावायची. चार भिंतींत, गठ्ठ्यांच्या मधोमध मला मळईची ओल लागायची.

गावात चेष्टा व्हायची ती वेगळीच. अण्णा म्हणायचे, "आता खुरपायला मोबाइलच नेत जावा. तन फोटोत आलं की मरतंय म्हनं." पण हॉटेलात चहाला बसले की हेच अण्णा जाड बोटानं काच सरकवत ते फोटो चारचौघांना दाखवायचे, हे मला शालननं सांगितलं. शालनचं वावर मळईला लागून. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी.

"माजा बी काड की एक," वैनींच्या मदतीला मळईत खुरपत बसलेली असताना ती म्हणाली, "लेकीच्या सासरी धाडायचाय. पर खुरपं दिसू देऊ नगंस. मालकीन दिसले पायजे."

"मग उठ की. बसलेली मालकीन असती व्हय?"

"मी उटले तर तुजं तन कोन काडंल गं? तुजा मोबाइल?"

तो फोटो माझ्याकडं आहे. शालन हनुवटी वर करून उभी आहे, खुरपं पाठीमागं लपवलंय आणि त्याचं टोक कमरेच्या बाजूनं बाहेर आलंय. तिच्या मागं हिरव्यातून फिकट पट्टा चाललाय, अगदी मधोमध. वैनींना तो धरायचा म्हणून धरता आला नाही, शालनचा फोटो काढताना तो आपोआप आला.

मागच्या वर्षी भाद्रपद उतरता उतरता पाऊस लागला. तो थांबेना. तेरणा पात्रात मावली नाही. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. पाणी उतरल्यावर अण्णांचा फोन आला, तेव्हा त्यांनी यादी आण म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, "येऊन जा."

मी गेले तेव्हा मळईच्या जागी खडक उघडा पडला होता. मधे मधे वाळू, गोटे, कुठून कुठून वाहून आलेली मुळं. बाभूळ आडवी. पीक गेलं असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण ज्याच्यात ते उभं होतं तेच गेलं होतं. आपल्या वावराखाली असा खडक आहे, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. नदीनंच आणलेली माती होती, नदीनं नेली, असं मनाला समजावून बघितलं. समजावण्यासारखं त्यात काही निघालं नाही.

पंचनाम्याला तलाठी आले. तरुण होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सकाळपासून असलीच वावरं बघून चेहरा उतरलेला. जमीन खरवडून गेली त्याचा फोटो लागतो, आत मालक उभा हवा. अण्णा खडकावर जाऊन उभे राहिले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. तुळजापूरच्या पडद्यापुढं उभं केल्यासारखे ते ताठ झाले.

तेवढ्यात तलाठ्यांची नजर वैनींच्या हातातल्या मोबाइलवर गेली.

"काकू, तुम्हीच काढा की. पडताळणीला तुमचं सोयाबीन बघितलंय मी. एवढा सरळ, एवढा स्वच्छ फोटो कुणाचाच येत नाही. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता."

ते चांगल्या मनानं बोलले. त्या दिवशी त्यांच्याजवळ देण्यासारखं तेवढंच असेल. इतकी वर्षं वैनी ज्याची वाट बघत होत्या ते वाक्य आलं आणि आलं ते तिथं, त्या खडकापुढं. वैनींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"तुमी काडा, साहेब."

"काकू, अहो, मदतीसाठी लागतो."

"म्हनून तर. तुमी काडा. आजारी लेकराचा फोटो माय काडती व्हय?"

त्या वळल्या आणि बसल्या. खुरपायला बसतात तशा, दोन्ही पायांवर, खडकावर. तिथं उपटायला काही नव्हतं.

तेव्हापासून मोबाइल दिवळीत आहे. मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. काम अडलं की त्याचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा उरकायचा, ही माझी रीत. रिचार्ज मारला. नवं कव्हर नेलं. माझ्या गच्चीतल्या शेवंतीचे वाकडेतिकडे फोटो पाठवले, म्हटलं निदान चुका काढायला तरी उघडतील. वेळ अमावस्येला जेवण वावरातच असतं, सगळी माणसं जमली होती, अंबिलाची घागर होती, म्हटलं आज तरी एक काढतील. त्यांनी सगळ्यांना वाढलं, भांडी घासली आणि माळावरच्या ज्वारीकडं मान वर करूनही पाहिलं नाही. त्यांचेच जुने फोटो माझ्या मोबाइलवर दाखवायला गेले तर म्हणाल्या, "नगा दावू ताई. गेलेल्या वावराचं काय बगायचं?" त्या रडत नाहीत, जेवतात, बाजारालाही जातात. माणूस ठीक आहे असं कुणीही म्हणेल. फक्त आता कामात असल्या की मान खाली आणि काम नसलं तरी मान खाली. ह्याचे तुकडे कसे पाडायचे, मला ठाऊक नाही.

पुन्हा श्रावण आला. माळावरचं सोयाबीन तेच आणि त्यावरून जाणारा वाराही तोच. आज सकाळी तिकडचा फोटो काढताना पट्टा सरसरत माझ्या पायापर्यंत आला आणि मी थांबले. यादी हातात असताना थांबले. मागं वळून हाक मारावी वाटलं, "वैनी, आलाय बघा." वैनी लांब, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन, जमिनीकडं बघत बसल्या होत्या. मी हाक मारली नाही. मारून काय झालं असतं ते माहीत होतं.

शेवटी मळईवर आलो. तिथं भरायचं काय, हाच प्रश्न. पीक नाही, म्हणजे पड. मोबाइल विचारतो, चालू पड की कायम पड? चालू म्हणजे यंदापुरती, कायम म्हणजे कायम.

"चालू लाव," अण्णा म्हणाले. "उन्हाळ्यात धरनातला गाळ आनून टाकतो."

"किती टाकताव?" वैनी मळईकडं पाठ करून बसल्या होत्या, तशाच म्हणाल्या. "नदीला कितीक पिढ्या लागल्या. तुमी दोन ट्रॅक्टर टाकताव. कायम लावा ताई, उगं सरकारला खोटं कशाला?"

"कायम लावलं तर कागुदावर खडकच ऱ्हाईल की."

"मग हाय काय तितं? मळई हाय का?"

शालन बांधावरून ओरडली, "दोगं भांडू नगा. माज्याबी वावरात गोटंच उरल्यात. दोन्ही एक करून खडी केंद्र काडू!" कुणी हसलं नाही, तीही हसली नाही. आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. अण्णा माझ्याकडं बघत होते. वैनी बघत नव्हत्या, पण ऐकत होत्या. शाळेत माझ्यापुढं रोज कितीतरी रकाने येतात, त्यांत काय लिहायचं ते मला पेन टेकण्याआधी ठाऊक असतं. आज मोबाइल हातात धरून मी नुसती उभी होते. अण्णांचं खरं धरावं तर वैनींपुढं खोटी आशा मांडल्यासारखं होतं. वैनींचं खरं धरावं तर अण्णांच्या समोर ते वावर मीच मेलं म्हणून टाकल्यासारखं होतं. आणि मी कोण? सासरी गेलेली बहीण, यादी घेऊन आलेली.

म्हटलं, आधी फोटो तरी काढू, रकाना मग भरता येईल. खडकावर जाऊन उभी राहिले. जिथं बाभूळ होती साधारण तिथंच, कारण वैनी तिथून काढायच्या. मोबाइल वर धरला. काचेत खडक, गोटे, एका खळग्यात साठलेलं पाणी आणि लांब नदी, काही केलं नसल्यासारखी.

"बोट काडा, ताई."

मी वळून पाहिलं. वैनी माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. फडकं खाली पडलं होतं. पदर डोक्यावर होता. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून, मोबाइलच्याही पलीकडं, सरळ मळईकडं बघत होत्या.

काचेच्या कडेला माझं बोट आलं होतं खरं. ते काढलं. मग मोबाइल त्यांच्यापुढं धरला. अण्णांनी श्वास धरलेला मला कळला. वैनींचा हात थोडा वर आला, पदराशी गेला, पदर सारखा केला आणि खाली गेला.

"नगं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

पण ह्या खेपेला तोंड मळईकडं होतं. त्याला काही अर्थ आहे की खडकावर तेवढीच सपाट जागा होती, मला सांगता येणार नाही.

बटण मलाही दाबता आलं नाही. निघताना दिवळीतला मोबाइल चार्जिंगला लावला. चालू केला नाही. एसटीत बसल्यावर यादी काढली. विहिरीजवळचा झाला, माळावरचा झाला, रस्त्याकडेचा झाला. चालू की कायम, ते ठरायचं आहे. मुदत अजून आहे. मळईचा फोटो राहिला.